जिताड्याच्या पिल्लाला पोट कधी येतं?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे. बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग माशांवर आहे, पण तो कालवणाचा भाग नाही, हे आधीच सांगतो. मागच्या वेळी मी म्हटलं होतं की गावच्या टाकीची गोष्ट कधीतरी सांगेन. दोन-तीन जणांनी आठवण केली. काकांना विचारलं, ते म्हणाले, सांग, पण पैशाचा आकडा सांगू नको. तर आकडा सांगणार नाही. बाकी सगळं सांगतो.

माझं गाव मंडणगड तालुक्यात, सावित्रीच्या खाडीवर. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि बाणकोट-हरिहरेश्वरच्या मधून समुद्राला मिळते. आमच्या काठावर रत्नागिरी जिल्हा, समोरच्या काठावर रायगड. वेसवीहून फेरीबोटीत गाडी चढवली की पलीकडे बागमांडला. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बीटेक केलं, नोकरी लागली, आणि गावी जाणं म्हणजे गणपती, शिमगा आणि जमलं तर एखादा लाँग वीकेंड.

काकांचं एक खाजण आहे. भातशेती कधीच सुटली, कारण बांध फुटला आणि खारं पाणी आत आलं. त्या पाण्याबरोबर दर पावसाळ्यात जिताड्याची पिल्लं आपसूक आत यायची. तुमच्यातले सिंधुदुर्ग-गोव्याकडचे याला चोणक म्हणतील. आम्ही रायगडासमोरचे, त्यामुळे आमच्याकडे जिताडाच. पेण-अलिबागकडे घरामागच्या तळ्यात जिताडे सोडायची जुनी पद्धत आहे, पाहुणा आला की काढायचा. काकांच्या डोक्यात तेच होतं. फक्त पाहुण्यापुरतं नाही, विकण्यापुरतं करायचं. बांध दुरुस्त करायला त्यांनी पतपेढीचं कर्ज काढलं.

खाडीतून येणारं पिल्लू एका वर्षी भरपूर, एका वर्षी काहीच नाही. म्हणून पिल्लं हॅचरीतून विकत आणायची ठरलं. आपल्या देशात हे शक्य आहे, कारण चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने, म्हणजे सीबाने, १९९७ मध्ये जिताड्याचं बंदिस्त प्रजनन करून दाखवलं. थायलंडमध्ये ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच झालं होतं.

हॅचरीवाल्याने दोन पर्याय दिले. बोटाच्या पेरापेक्षा मोठी, कोरडं खाद्य खायला शिकलेली पिल्लं महाग. तेरा दिवसांची अगदी बारीक पिल्लं खूपच स्वस्त, पण त्यांना अजून जिवंत खाद्य द्यावं लागेल. काका म्हणाले मोठीच घेऊ. मी म्हटलं, काका, लहान घ्या, मी सिस्टिम बनवतो. हे वाक्य माझं आहे. पुढचं सगळं त्या वाक्यातून आलं.

सिस्टिम काय होती ते सांगतो. घरामागे दोन फायबरच्या टाक्या. खाडीचं पाणी उधाणाच्या भरतीला पंपाने घ्यायचं, गाळायचं, मग टाकीत. टाकीत चार सेन्सर: तापमान, विरघळलेला ऑक्सिजन, पीएच, क्षारता. दर पाच मिनिटांनी वाचन, मोबाइलवर डॅशबोर्ड. काही मर्यादेबाहेर गेलं की मला पुण्यात मेसेज आणि काकांच्या घरी भोंगा. खाद्य सोडायला छोटा पंप, टायमरवर. माझ्या ऑफिसातल्या मित्रांना दाखवलं तेव्हा सगळे म्हणाले, भारी आहे. मलाही तसंच वाटत होतं.

जिवंत खाद्य म्हणजे आर्टेमिया. खाऱ्या सरोवरातला एक बारीक झिंग्यासारखा जीव. त्याची सुकलेली अंडी डब्यात मिळतात. खाऱ्या पाण्यात हवा सोडून ठेवली की साधारण एका दिवसात नारिंगी रंगाची पिल्लं बाहेर येतात, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. हा डबा महाग असतो. काकांना रोज नवीन खेप फोडायला लावणं मला जड वाटलं. त्यांची सकाळ खाडीवर जाते. म्हणून मी ठरवलं की एका वेळी दोन दिवसांचा आर्टेमिया फोडायचा, बादलीत हवा लावून ठेवायचा, आणि पंप थोडा थोडा टाकीत सोडेल. शिवाय खर्च कमी करायला सोळाव्या दिवसापासून कोरड्या खाद्याची पूड सुरू करायची आणि एकोणिसाव्या दिवशी आर्टेमिया बंद. हे आकडे मी इंटरनेटवरच्या एका वेळापत्रकातून घेतले आणि त्यात माझ्या मनाने दोन-तीन दिवस कमी केले. वेळापत्रक होतं, म्हणजे कोडमध्ये बसवता येत होतं.

पाच हजार पिल्लं आली. नोव्हेंबरचा शेवट होता. पहिले दिवस छान गेले. काका रोज टॉर्च मारून फोटो पाठवायचे. काळपट इवलीशी पिल्लं आणि पोटात नारिंगी ठिपका. पुडीवर आलो तरी पोटं फुगलेली दिसत होती. डॅशबोर्ड पूर्ण हिरवा.

एकविसाव्या दिवशी मी गावी होतो. जिताडा हा भावंडांना खाणारा मासा आहे. थोडा मोठा झालेला आपल्यापेक्षा थोड्या लहानाला गिळतो. म्हणून दर काही दिवसांनी चाळणीने मोठे-लहान वेगळे करावे लागतात. काकांनी चाळण पाण्यात धरली, हळूच उचलली. चाळणीतली पिल्लं एकदम ताठ झाली. काही गोल फिरली, मग आडवी. पाण्यात परत सोडली तरी उठली नाहीत. आम्हाला वाटलं चाळणीचा मार बसला. दुसऱ्यांदा भांड्याने काढून बघितली. तेच. संध्याकाळपर्यंत टाकीचा तळ पांढरा झाला होता. दोन दिवसांत पाच हजारांतली दोनशेही उरली नाहीत.

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते टाकीच्या कडेला बसून एवढंच म्हणाले, "पोटं भरलेली होती रे त्यांची." मी मोबाइल काढून त्यांना ऑक्सिजनचा ग्राफ दाखवायला लागलो, आणि ते उठून आत गेले. तो ग्राफ मी का दाखवला, याची मला आजही लाज वाटते.

माझी एक शाळेतली मैत्रीण आहे. ती शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकली. रत्नागिरीजवळचं हे कॉलेज १९८१ मध्ये सुरू झालं, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. तिला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी एक साधा मायक्रोस्कोप घेऊन आली. तिने पाण्याचे आकडे बघितले आणि बाजूला ठेवले. मग टाकीच्या तळातली विष्ठा नळीने ओढून घेतली आणि एक थेंब काचेवर ठेवला. मला म्हणाली, बघ. काचेखाली माझ्या पुडीचे दाणे होते. जसे डब्यात होते जवळपास तसेच. माशाच्या एका टोकातून आत गेले आणि दुसऱ्या टोकातून बाहेर आले.

मग तिने विचारलं, "यांना जठर आलं होतं का?"

मला प्रश्नच कळला नाही. मासा म्हणजे मासा. लहान मासा म्हणजे लहान आकाराचा मासा. त्याला जठर नंतर येतं, हे मला माहीतच नव्हतं. आजचा भाग मुळात या एका प्रश्नाबद्दल आहे. तिने समजावलेलं आणि नंतर मी वाचलेलं, दोन्ही एकत्र करून सांगतो.

अंड्यापासून सुरू करू. जिताड्याचं अंडं एक मिलिमीटरपेक्षाही लहान, पाऊण मिलिमीटरच्या आसपास. आत बलक आणि तेलाचा एक थेंब. त्या थेंबाचा उपयोग पाण्यावर तरंगायला होतो आणि पुढे शिदोरी म्हणूनही. पंधरा-अठरा तासांत अंडं फुटतं आणि दीड मिलिमीटरचं पिल्लू बाहेर येतं. त्याला तोंड नाही. म्हणजे तोंडाची जागा आहे, पण ती बंद आहे. आतडं म्हणजे एक सरळ नळी. डोळ्यांत रंगही आलेला नसतो. वेळासला कासवाची पिल्लं तुम्ही पाहिली असतील. ती वाळूतून वर येतात तेव्हा पोटात उरलेला बलक घेऊनच समुद्राकडे निघतात. तसंच हे, फक्त कासवाचं पिल्लू बाहेर येताना पूर्ण तयार असतं आणि माशाचं अर्धवट.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोंड उघडतं. बलक संपत आलेला असतो, तेलाचा थेंब थोडा उरलेला. हा पहिला धोक्याचा टप्पा. आतली शिदोरी संपायच्या आत बाहेरचं खाणं पकडता आलं पाहिजे.

आता पाचक रसांकडे येऊ. तोंड उघडतं तेव्हा पिल्लाच्या स्वादुपिंडात ट्रिप्सिन तयार होऊ लागलेलं असतं. ट्रिप्सिन प्रथिनं तोडतं आणि ते आम्ल नसलेल्या पाण्यात काम करतं. चरबी तोडायला लायपेज असतं, ते पित्ताच्या मदतीने काम करतं. म्हणजे कारखाना सुरू झालेला आहे, पण त्याचा एक मोठा विभाग बांधायचाच आहे. तो म्हणजे जठर. तुमच्या-माझ्या पोटात आम्ल असतं आणि त्या आम्लात पेप्सिन नावाचं एन्झाइम प्रथिनांच्या मोठ्या गाठी सोडवतं. जिताड्याच्या नव्या पिल्लात आम्लही नाही आणि पेप्सिनही नाही.

मग ते प्रथिनं पचवतं कसं? थोडी ट्रिप्सिनने. आणि जी अर्धवट तुटलेली राहतात ती आतड्याच्या शेवटच्या भागातल्या पेशी अख्खी आत ओढून घेतात आणि पेशीच्या आत पचवतात. हळू काम आहे, पण मऊ खाण्याला पुरतं. जिवंत आर्टेमिया किंवा त्याआधीचा रोटिफर हा मऊ आणि बहुतांश पाण्याने भरलेला असतो. त्यातली काही प्रथिनं सुटी, लहान तुकड्यांत असतात. कोरडी पूड म्हणजे घट्ट, कोरडी, भाजलेली प्रथिनं. मोठ्या माशाला चालेल. याला नाही.

सिंगापूरच्या वॉलफर्ड आणि लाम या संशोधकांनी १९९३ मध्ये जिताड्याच्या पिल्लांच्या आतड्याचा अभ्यास छापला. जठर वेगळं दिसायला लागतं ते तेराव्या दिवसाच्या सुमारास. सतराव्या दिवसाला आतला पीएच पाचच्या आसपास येतो आणि बाविसाव्या दिवसाला चारच्याही खाली. म्हणजे जठराची जागा दिसणं वेगळं आणि जठर कामाला लागणं वेगळं. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर बसवलेला आहे, पण सर्व्हिस चालू नाही.

आणि हे सगळं कोमट पाण्यात. माशाचं रक्त थंड. पाणी गार असेल तर त्याच्या आतलं बांधकामही सावकाश. आमच्या टाकीत डिसेंबरच्या रात्री पाणी तेवीस-चोवीस अंशांवर जायचं. ते डॅशबोर्डवर होतं! पण मी मर्यादा ठेवली होती बावीस ते बत्तीस. मोठ्या माशासाठीचा आकडा होता तो. त्यामुळे भोंगा कधी वाजलाच नाही. माझ्या कोडमध्ये सोळावा दिवस उजाडला होता. त्या पिल्लांच्या पोटात तो उजाडायला अजून बराच वेळ होता.

इथे काकांची एक गोष्ट आठवली. काका दिवस तारखेने मोजत नाहीत. खाडीवर जायचं तर तिथी बघतात. उधाण कधी, भांग कधी, ते त्यावरून. मी त्यांना म्हणायचो, काका, मोबाइलवर वेळ लिहिलेली असते. पाण्याचा दिवस घड्याळाचा नसतो, हे त्यांना माहीत होतं. ते पाण्यातल्या पिल्लालाही लागू आहे, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

मग तुम्ही विचाराल, रोहू-कटल्याची पिल्लं लोक तळ्यात सोडतात, त्यांना तर आठवड्याभरात शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा घालतात. बरोबर. पण कार्प जातीच्या माशांना जठर येतच नाही, आयुष्यभर. त्यांचं आतडं त्या हिशेबानेच घडलेलं आहे. १० जुलै १९५७ ला हिरालाल चौधरींनी ओडिशात अंगुलला संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन भारतीय कार्पचं प्रजनन केलं, म्हणून १० जुलै हा आपल्याकडे मत्स्य शेतकरी दिवस. तेव्हापासून आपली सगळी सवय मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली या पायऱ्यांची आहे आणि ती कार्पवर घडलेली आहे. ती तशीच्या तशी जिताड्याला लावता येत नाही.

इथपर्यंत ऐकून मला वाटलं, कळलं, पूड लवकर दिली. मैत्रीण म्हणाली, थांब. नुसतं उपाशी पिल्लू हळूहळू मरतं. चाळण उचलल्यावर ताठ होऊन मरत नाही. त्याचं कारण वेगळं असणार. तिने विचारलं, "आर्टेमियाला काय खायला घातलं होतंस?"

खाद्याला खायला? हाही प्रश्न मला कळला नाही.

आता मेदाम्लांकडे येऊ. ओमेगा-३ हा शब्द तुम्ही गोळ्यांच्या डब्यावर वाचला असेल. त्यात दोन महत्त्वाची लांब मेदाम्लं, ईपीए आणि डीएचए. डीएचए मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात ठासून भरलेलं असतं. पेशीचं आवरण लवचीक ठेवायला ते लागतं. पिल्लाचं शरीर सुरुवातीला बघितलं तर डोळे आणि मेंदू हाच त्याचा मोठा भाग आहे. आणि जिताड्यासारखा शिकारी मासा बघूनच खातो. डोळा कच्चा राहिला तर समोरचं खाणंही दिसणार नाही.

गंमत अशी की समुद्री माशाचं पिल्लू बलक आणि तेल जाळताना सगळी चरबी सारखी जाळत नाही. साधी मेदाम्लं आधी इंधन म्हणून वापरतं आणि डीएचए शक्यतो राखून ठेवतं. घरात अडचण आली की आपण रोजच्या वापरातलं आधी विकतो, मंगळसूत्राला हात लावत नाही, तसं. पण राखून किती ठेवणार? पिल्लू वाढतंय, मेंदू वाढतोय, नवीन डीएचए पाहिजे. आणि जिताडा ते स्वतः जवळपास बनवू शकत नाही. गोड्या पाण्यातले बरेच मासे वनस्पतीतल्या लहान मेदाम्लापासून लांब मेदाम्ल बऱ्यापैकी तयार करतात. समुद्री शिकारी माशाला हजारो पिढ्या ते आयतं मिळत आलं, त्यामुळे ती ताकद फारच कमी. त्याला ते खाण्यातूनच मिळालं पाहिजे.

खाडीत ते मिळतं. काकांचा पहिल्यापासून एकच प्रश्न होता, "खाडीतल्या पिल्लांना कोण डबे आणून घालतो?" त्याचं उत्तर इथे आहे. खाडीच्या पाण्यातले डोळ्याला जेमतेम दिसणारे कोपेपॉड नावाचे जीव समुद्री शेवाळ खातात, शेवाळात ही मेदाम्लं असतात, आणि कोपेपॉड खाणाऱ्या पिल्लाला ती तयार मिळतात. हॅचरीत मात्र आपण कोपेपॉडऐवजी रोटिफर आणि आर्टेमिया देतो, कारण ते वाढवायला सोपे.

हा धडा जपानने आधी शिकला. तिथे रोटिफर हा ईल माशांच्या तळ्यातला उपद्रव होता. मग लक्षात आलं की हा तर पिल्लांचं पहिलं खाद्य म्हणून उत्तम आहे. तो स्वस्तात वाढवायला पावाचं यीस्ट वापरलं. रोटिफर भरपूर झाले आणि ते खाऊन माशांची पिल्लं पटापट मेली. समुद्री शेवाळावर वाढवलेला रोटिफर दिला की जगायची. टोकियोच्या वातानाबे यांच्या गटाने दाखवलं की फरक होता तो लांब ओमेगा-३ मेदाम्लांचा. यीस्टमध्ये ती नाहीत. मग त्यांनी यीस्ट वाढवतानाच त्यात माकुळाच्या यकृताचं तेल मिसळलं, आणि तेच यीस्ट चाललं.

जिताड्यावरचा अभ्यास १९९० चा. बेल्जियमचे आणि फिलिपिन्सचे संशोधक. त्यांनी दाखवलं की आर्टेमियाला ओमेगा-३ चं तेल पाजून मग तो पिल्लांना दिला, तर रूपांतराच्या टप्प्यावर, म्हणजे पिल्लाचा खरा मासा होतो त्या दिवसांत, जगण्याचं प्रमाण सुधारतं. तेल न पाजलेल्या आर्टेमियावरची पिल्लं तोपर्यंत ठीक दिसतात आणि नेमकी त्या वेळी ढासळतात. जरा धक्का बसला की आडवी. मी हे वाचलं तेव्हा आमच्या चाळणीचं वर्णन वाचतोय असं वाटलं.

आता माझी बादली आठवा. अंड्यातून निघालेल्या आर्टेमियात मुळातच डीएचए जवळपास नसतं. पहिल्या काही तासांत त्याचंही तोंड बंद असतं, तोही आपल्या शिदोरीवर. साधारण आठ तासांनी कात टाकल्यावर खायला लागतो, तेव्हाच त्याला तेल पाजता येतं. मी काही पाजलं नाही. उलट दोन दिवस गरम बादलीत ठेवला. तो तिथे स्वतःचीच चरबी जाळत बसला. म्हणजे आमच्या पिल्लांच्या तोंडात पडत होता तो नारिंगी रंग आणि पाणी. काका खरं बोलत होते, पोटं भरलेली होती.

मैत्रीण प्रामाणिक आहे. ती म्हणाली, पाच हजार मेल्यानंतर एकच कारण छातीठोक सांगता येत नाही, गारठा, पूड आणि चरबी तिन्ही मिळून झालं असेल. पण तिन्हींचा निर्णय माझा होता.

पुण्याला परत येताना म्हाप्रळपर्यंत मी एसटीत खिडकीला डोकं लावून बसलो होतो. काकांना फोन करायचं धाडस व्हायला दहा दिवस लागले. मी म्हटलं, पैसे मी भरतो. ते म्हणाले, "पैशाचं नंतर बघू. परत करायचं तर तू इथं ये. पुण्यातून नाय करायचं." मार्चमध्ये मी तीन आठवडे गावातून काम करायची परवानगी काढली. नेटवर्क येतं ते फक्त वरच्या आळीत, त्यामुळे मीटिंग वरच्या आळीत आणि मासे खालच्या आळीत.

या वेळी दोनच हजार आणली. काय बदललं ते सांगतो. रोज आर्टेमियाची नवी खेप. फुटल्यावर कात टाकेपर्यंत थांबायचं, मग अंड्याचा बलक, कॉड लिव्हर तेलाची कॅप्सूल आणि पाणी मिक्सरमध्ये घुसळून ते दूध त्याच्या पाण्यात. बारा तासांनी धुऊन लगेच पिल्लांना, उरलेला फ्रिजमध्ये. काकी म्हणाली, माझ्या मिक्सरला आयुष्यभर वास येणार. येतोय. टाकीवर रात्री झाकण आणि पाण्यात हीटर. पूड आम्ही तारखेवर दिलीच नाही. पिल्लांचा काळपटपणा जाऊन रुपेरी झाक यायला लागली, तेव्हा सकाळी एक चिमूट सुरू केली, आर्टेमिया तसाच ठेवून. विष्ठा रोज मायक्रोस्कोपखाली. दाणे अख्खे दिसले की पूड कमी. असं करत आर्टेमिया बंद व्हायला आणखी दहा-बारा दिवस लागले.

सेन्सर अजून आहेत. ते चांगलं काम करतात. मी फक्त त्यात एक गोष्ट घातली: तापमानाची रोजची बेरीज. किती दिवस झाले हे नाही, किती ऊब मिळाली हे. मोठे हॅचरीवाले हे पूर्वीपासून करतात. मी नवीन काही शोधलेलं नाही.

चाळणीचा दिवस आला. मैत्रिणीने सांगितलं होतं, आधी वीसच काढा. चाळणीत घ्या, थोडे सेकंद पाण्याबाहेर धरा, परत सोडा, आणि किती उठतात मोजा. काकांनी चाळण उचलली. मी मोबाइलवर सेकंद मोजत होतो आणि माझा हात थरथरत होता. परत सोडली. एक क्षण काहीच हललं नाही. मग एकेक करत शेपटी मारून खाली गेली. दोन राहिली. काका बराच वेळ त्या दोघांकडे बघत होते. मग म्हणाले, "अठरा."

दोन हजारांतली अकराशेच्या वर खाजणात गेली. कर्ज त्याने फिटलेलं नाही, अजून हप्ते चालू आहेत. काही जिताडे आता हातभर झालेत. खंड्या आणि पाणमांजर यांचा हिशेब वेगळा आहे, तो पुन्हा कधीतरी.

तुमच्यापैकी कोणी हे करायला निघालं असेल तर माझं ऐका, पहिल्या वर्षी मोठी, कोरडं खाद्य खायला शिकलेली पिल्लंच घ्या. काकांचंच बरोबर होतं. बारीक घ्यायची असतील तर हॅचरीवाल्याला दोन प्रश्न विचारा: पाण्याचं तापमान किती होतं, आणि आर्टेमियाला काय पाजलं होतं. जो या दोन्हींची नीट उत्तरं देईल त्याच्याकडून घ्या.

आजच्यापुरतं एवढंच. काका हा भाग ऐकणार आहेत, म्हणून इथेच सांगतो: काका, शनिवारी येतोय, आर्टेमियाचा डबा घेऊन येतो.